३ गिगाहर्ट्झचा जुना पीसी आणि १.३ चा नवा लॅपटॉप

तुमचा प्रश्न असा, की घरी २००५ चा पेंटियम ४ आहे, त्यावर ३.० गिगाहर्ट्झ लिहिलंय; मुलीसाठी बघितलेल्या कोअर आय५-१२३५यू लॅपटॉपच्या माहितीत मात्र १.३ दिसतंय. म्हणजे नवा निम्म्याहून हळू का?

अजिबात नाही. पण शंका रास्त आहे, मीही यात फसलोय. २००२ च्या सुमारास लॅमिंग्टन रोडवरून अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+ (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) घातलेला पीसी असेंबल करून आणला. घरी बायॉसच्या, म्हणजे पीसी सुरू होताना दिसणाऱ्या, स्क्रीनवर बघतो तर १५३३ मेगाहर्ट्झ! दुसऱ्या दिवशी डबा उचलून दुकानात भांडायला हजर. दुकानदाराने चहा मागवला, शेजारी १.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ ठेवला आणि दोन्हीकडे एकच फोल्डर झिप करायला लावला. माझं मशीन आधी मोकळं झालं. मग कळलं, की १८००+ हा वेगाचा आकडा नव्हताच, ते मॉडेलचं नाव होतं. (नाव मुद्दाम तसं ठेवलं होतं, हे वेगळं सांगायला नको.)

गिगाहर्ट्झ म्हणजे घड्याळाचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात ते. एका ठोक्यात काम किती उरकतं, हे त्यातून कळत नाही. सायकलचं पायडल कितीदा फिरलं यावरून अंतर काढायचं, तर गिअर कोणता होता ते आधी विचारावं लागेल ना?

पेंटियम ४ ची तर बांधणीच मोठ्या आकड्यासाठी होती. पेंटियम ३ मध्ये एक सूचना साधारण १० टप्प्यांतून जायची. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ मध्ये टप्पे झाले २०, आणि त्याच्याच २००४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीत ३१. टप्पा छोटा केला की ठोके भराभर देता येतात. पण केटररकडची पोळ्यांची रांग डोळ्यासमोर आणा. एक गोळे करतेय, एक लाटतेय, एक भाजतेय, आणि मध्येच निरोप येतो, 'पोळ्या नकोत, पुऱ्या करा'. रांगेतलं अर्धवट सगळं बाजूला. रांग जितकी लांब तितकी नासाडी जास्त. प्रोग्रॅममध्ये 'असं असेल तर हे, नाहीतर ते' अशा जागा पावलोपावली येतात. प्रोसेसर पुढचा अंदाज बांधून काम सुरू ठेवतो. अंदाज चुकला की रांग रिकामी करून पुन्हा भरायची. म्हणून सुरुवातीचे पेंटियम ४ काही कामांत १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ कडूनही मार खायचे.

त्यात मेमरीची वाट बघणं आलंच. ३ गिगाहर्ट्झला एक ठोका नॅनोसेकंदाचा तिसरा हिस्सा. रॅममधून माहिती यायला ८० नॅनोसेकंद लागले, तर २४० ठोके नुसते टाळ कुटत बसायचं. ठोके वाढवले की हा आकडाही वाढतो. नव्या चिपमध्ये कॅशे (चिपच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी) मोठी असते, ती यासाठीच.

शेवटी उष्णतेने गाडी अडली. ठोके वाढवायचे तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. पेंटियम ४ ची मजल ३.८ पर्यंतच गेली. ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केलं. तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट त्याबद्दल भर मंचावर गमतीने गुडघे टेकून बसले होते. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. त्यातला १.८६ वालासुद्धा पेंटियम ४ ला सहज मागे टाकायचा.

आता तुमचा लॅपटॉप. १.३ हा बेस आकडा आहे, १५ वॅटच्या हिशोबात धरलेला. गरज पडली की त्यातले दोन मोठे कोअर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) ४.४ पर्यंत जातात. शिवाय आठ छोटे कोअर आहेत. टास्क मॅनेजर उघडून बघा, आकडा सारखा वरखाली होताना दिसेल. मात्र ४.४ कायम टिकत नाही. पातळ बॉडी आणि फुसका पंखा असेल तर तीच चिप काही मिनिटांत मंदावते, म्हणून नुसतं चिपचं नाव बघून घेऊ नका. त्याच मॉडेलचा दहा-पंधरा मिनिटं सलग चालवलेल्या चाचणीचा रिव्ह्यू शोधा. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरीला जागा आहे का, तेही विचारा. गिगाहर्ट्झची तुलना करायचीच असेल तर एकाच पिढीच्या, एकाच घराण्यातल्या दोन चिपांत करा.

आणि तो पेंटियम ४ भंगारात देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या, जुने फोटो त्यातच असतात.