शुल्क शून्य, तरी सीमा आहेच : ब्रेक्झिटवर वाचकांचे प्रश्न

ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्याच्या परिणामांबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. आयातशुल्क नसलं की व्यापार मोकळा, हा समज बहुतेक प्रश्नांमागे दिसला. तो दूर होणं आम्हाला फार गरजेचं वाटतं, म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न : दोघांमधल्या करारात आयातशुल्क शून्य आहे. मग ब्रिटिश निर्यातदारांना अडचण कसली?

२४ डिसेंबर २०२० रोजी ठरलेला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला व्यापार व सहकार्य करार हा मुक्त व्यापार करार आहे. त्याआधी, ३१ जानेवारी २०२० ला सदस्यत्व संपल्यावरही, ब्रिटन व्यवहारात सीमाशुल्क संघात आणि एकल बाजारपेठेत, म्हणजे मालाचे नियमही सगळ्यांचे एकच असलेल्या बाजारात होता. सीमाशुल्क संघात बाहेरच्या मालावर सगळे सदस्य एकच शुल्क लावतात, त्यामुळे माल एकदा आत आला की पुढे कुठेही फिरतो, कोणी काही विचारत नाही. मुक्त व्यापार करारात दोघांची बाहेरची शुल्कं वेगवेगळी असतात, म्हणून प्रत्येक खेपेला माल मुळात कुठला हे सिद्ध करावं लागतं. सवलत फक्त ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात 'पुरेशा' तयार झालेल्या मालाला मिळते.

चीनमध्ये शिवलेला शर्ट घ्या. ब्रिटनमधल्या गोदामात तो आला, तिथे इस्त्री, पॅकिंग, लेबल सगळं झालं आणि मग आयर्लंडला गेला. या कामांनी मूळ बदलत नाही. त्यामुळे ब्रिटनमध्ये येताना एकदा आणि युरोपीय संघात शिरताना पुन्हा, साधारण १२ टक्के, असं दोनदा शुल्क लागतं. ब्रिटनमध्ये एकच मोठं गोदाम ठेवून सगळ्या युरोपला माल पुरवणाऱ्या कंपन्यांचं गणित इथेच बिघडलं. मोटारींचा नियम टक्क्यांत आहे : पेट्रोल किंवा डिझेल गाडीच्या कारखाना-किमतीत बाहेरच्या देशांचे सुटे भाग ४५ टक्क्यांहून जास्त असले तर १० टक्के शुल्क पडतं. युरोपीय संघातले भाग ब्रिटनचेच धरले जातात, जपान किंवा तुर्कस्तानचे नाहीत. विजेच्या गाड्यांसाठी ही अट २०२६ अखेरपर्यंत सैल आहे, कारण बॅटरीच गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाते आणि ती बहुधा आशियातून येते.

प्रत्यक्षात निर्यातदाराला काय करावं लागतं? आधी ईओआरआय, म्हणजे सीमाशुल्क खात्यातला नोंदणी क्रमांक घ्यायचा. मग प्रत्येक वस्तूचा सीमाशुल्क कोड ठरवायचा. कोड चुकला तर मूळस्थानाचा नियमही चुकीचाच लावला जातो, आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच असते. त्यानंतर बिलावर ठरावीक शब्दांत मूळस्थानाचं निवेदन लिहायचं. ते १२ महिने चालतं, आणि त्याचे पुरावे निर्यातदाराने ४ वर्षं, आयातदाराने ३ वर्षं जपायचे. युरोपीय संघातून ६,००० युरोंपेक्षा मोठी खेप पाठवणाऱ्याला आरईएक्स, म्हणजे 'नोंदणीकृत निर्यातदार' अशी नोंदणी लागते. ब्रिटिश निर्यातदाराला ईओआरआय पुरतो.

शेवटी विक्रीची अट. 'शुल्क भरून घरपोच' असा सौदा केला, तर ब्रिटिश विक्रेताच युरोपीय संघातला आयातदार ठरतो. मग त्याला तिथे व्हॅटची नोंदणी आणि सीमाशुल्क प्रतिनिधी, दोन्ही लागतात. ही अट न वाचता जुनेच सौदे पुढे चालवणाऱ्या अनेकांचा माल २०२१ च्या सुरुवातीला बंदरात अडकून पडला.

मोठ्या कंपनीत या कामाला स्वतंत्र विभाग असतो. चार माणसांच्या कारखान्यात हे सगळं मालकच रात्री बसून करतो, आणि खेप १०० पौंडांची असो की लाखाची, कागद तेवढेच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांच्या अंदाजानुसार युरोपीय संघाला माल विकणाऱ्या सुमारे १६,४०० ब्रिटिश कंपन्यांनी ती निर्यात पूर्ण थांबवली. त्यांतल्या बहुतेक लहान होत्या. या विषयावरच्या चर्चेत आम्हाला सर्वाधिक खटकतं ते हेच, की या कंपन्यांचा उल्लेखच होत नाही.

प्रश्न : मांस, मासे, दूध यांना वेगळा त्रास का?

अन्नाला मूळस्थानाच्या पुराव्याशिवाय आरोग्याचा पुरावाही लागतो. प्राणिज मालाच्या खेपेबरोबर अधिकृत पशुवैद्याने सही केलेलं आरोग्य प्रमाणपत्र हवं, आणि तेही माल ज्या देशातून आत शिरतो त्या देशाच्या भाषेत. युरोपीय संघाच्या ट्रेसेस प्रणालीत आगाऊ सूचना द्यायची आणि ठरलेल्या सीमा तपासणी केंद्रातूनच माल न्यायचा. शिक्का राहिला, पान सुटलं, वजनाचा आकडा जुळला नाही, एवढ्यानेही खेप थांबते. एका ट्रकमध्ये दहा उत्पादकांचा माल असेल आणि एकाचाच कागद चुकला, तरी दहाही जणांचा ताजा मासा तिथेच उभा राहतो. त्यामुळे एकत्र माल नेणारे वाहतूकदार लहान उत्पादकांना टाळू लागले.

काही मालाला तर दारच बंद झालं. 'ब' वर्गाच्या, म्हणजे पुरेशा स्वच्छ न मानलेल्या पाण्यातले जिवंत शिंपले-कालवं शुद्ध केल्याशिवाय युरोपीय संघात पाठवता येत नाहीत. पूर्वी ती तशीच जायची आणि शुद्धीकरण तिकडे व्हायचं. वेल्स आणि डेव्हनच्या काही उत्पादकांचा पूर्ण धंदा यावर उभा होता.

उलट दिशेच्या तपासण्या ब्रिटनने वारंवार पुढे ढकलल्या. प्रमाणपत्रं ३१ जानेवारी २०२४ पासून आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ पासून सुरू झाली. म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ युरोपीय उत्पादकाला ब्रिटनमध्ये मोकळी वाट होती आणि ब्रिटिश उत्पादकाला तिकडे पूर्ण तपासणी. तपासण्या ढकलल्या त्या दुकानांत टंचाई आणि महागाई होऊ नये म्हणून. ते समजण्यासारखं आहे, पण त्याची किंमत देशातल्या शेतकऱ्याने मोजली.

प्रश्न : उत्तर आयर्लंडचा प्रश्न इतका अवघड का झाला?

उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग, तर बेटावरचा उरलेला आयर्लंड हा युरोपीय संघाचा सदस्य असलेला स्वतंत्र देश. तिथे तीन गोष्टी एकदम साधणं शक्यच नव्हतं. ब्रिटनला सीमाशुल्क संघाबाहेर पडायचं होतं, आयर्लंड बेटावरच्या सुमारे ५०० किलोमीटरच्या जमिनी सीमेवर तपासणी नाके नको होते, आणि उत्तर आयर्लंड व उरलेलं ब्रिटन यांच्यातही नाके नको होते. पहिली गोष्ट पक्की धरली की उरलेल्या दोहोंपैकी एक सोडावीच लागते. जमिनीवर नाके उभारणं म्हणजे अनेक वर्षांच्या हिंसाचारानंतर १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने आलेली शांतता धोक्यात घालणं. म्हणून तपासणी समुद्रावर गेली. मालापुरते उत्तर आयर्लंडला युरोपीय संघाचे नियम लागू राहिले, आणि एकाच देशाच्या दोन भागांमध्ये कागदपत्रं आली.

ब्रिटनशी जोडलेलं राहण्याच्या बाजूच्या डीयूपी पक्षाने याच्या निषेधार्थ फेब्रुवारी २०२२ ते फेब्रुवारी २०२४ अशी दोन वर्षं प्रांतिक सरकार चालू दिलं नाही. दरम्यान २७ फेब्रुवारी २०२३ ला ब्रिटन आणि युरोपीय संघात विंडसर फ्रेमवर्क ही नवी व्यवस्था ठरली. त्यानुसार उत्तर आयर्लंडमध्येच खपणारा माल नोंदणीकृत व्यापाऱ्यांनी हिरव्या मार्गिकेतून कमी कागदांवर न्यायचा आणि पुढे आयर्लंडला जाण्याची शक्यता असलेला माल लाल मार्गिकेतून. हिरव्या मार्गिकेतल्या बऱ्याच खाद्यपदार्थांवर 'युरोपीय संघासाठी नाही' असं लेबल लावावं लागतं. हे लेबल फक्त उत्तर आयर्लंडसाठी वेगळं छापणं परवडत नाही म्हणून काही लहान पुरवठादारांनी तिथे माल पाठवणंच सोडलं. व्यवस्था चालते आहे, पण प्रश्न मिटला असं आम्ही म्हणणार नाही.

प्रश्न : बाहेर पडायला साडेतीन वर्षं का लागली? सार्वमतात निकाल तर स्पष्ट होता.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी 'बाहेर' म्हटलं. बाहेर पडून नेमकं कुठे जायचं, हे मतपत्रिकेवर नव्हतंच. नॉर्वेसारखं एकल बाजारपेठेत राहायचं, तुर्कस्तानसारखा सीमाशुल्क संघ ठेवायचा, की कॅनडासारखा साधा करार करायचा? यांतल्या कुठल्याच पर्यायाला संसदेत बहुमत नव्हतं. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला आणि त्यानंतर आणखी दोनदा फेटाळला गेला.

युरोपीय संघाच्या करारातलं कलम ५० हे दुसरं कारण. नोटीस दिली की दोन वर्षांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात काही ठरलं नाही तर देश कराराविना बाहेर पडतो, आणि मुदत वाढवायला उरलेल्या सगळ्या सदस्यांची संमती लागते. उशीर नेहमी जाणाऱ्यालाच महाग पडतो. ब्रिटनने आपल्याला काय हवं ते घरात ठरवण्याआधीच, २९ मार्च २०१७ ला, नोटीस दिली. आमच्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच. त्यातच आधी नागरिकांचे हक्क, आयर्लंड आणि ३५ ते ३९ अब्ज पौंडांची देणी यांवर पुरेशी प्रगती व्हावी, मगच व्यापाराचं बोलू, हा क्रमही युरोपीय संघाने मान्य करून घेतला.

स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मतं 'राहू या' अशी होती. तिथल्या स्वातंत्र्याच्या मागणीला त्यामुळे नवं बळ आलं. मात्र वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या संमतीविना स्कॉटिश संसदेला त्यावर सार्वमताचा कायदा करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला.

प्रश्न : आर्थिक नुकसान नेमकं किती? कोविड आणि युक्रेन युद्धाचा परिणाम वेगळा कसा काढतात?

ब्रिटनने संघ सोडला नसता तर काय झालं असतं, याचा अंदाज त्याच्यासारख्या इतर अर्थव्यवस्थांच्या वाटचालीवरून बांधतात. कोविड आणि युद्धाचा फटका त्यांनाही बसला, म्हणून उरणारा फरक बराचसा ब्रेक्झिटचा धरता येतो. सरकारी अर्थसंकल्पाचा स्वतंत्र अंदाज करणाऱ्या ओबीआर या संस्थेने दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्के कमी राहील आणि आयात-निर्यात १५ टक्के कमी राहील असं धरलं आहे. एका दिवसात कोसळणं यात नाही. वाढ दरवर्षी थोडी कमी होते, म्हणून सामान्य माणसाला ते जाणवतं ते पगार वाढत नसल्याच्या रूपाने.

लगेच दिसलेला परिणाम पौंडाचा. सार्वमताच्या रात्री तो दीड डॉलरवरून घसरत १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. आयात महागली आणि जून २०१६ मध्ये ०.५ टक्के असलेली महागाई नोव्हेंबर २०१७ मध्ये ३.१ टक्क्यांवर पोचली.

नवे करार हे भरून काढतील का? ऑस्ट्रेलियाशी केलेल्या करारातून दीर्घकाळात जीडीपीत ०.०८ टक्के भर पडेल, असा ब्रिटिश सरकारचाच अंदाज आहे. जुलै २०२५ मध्ये भारताशी झालेल्या करारातून वर्षाला सुमारे ४.८ अब्ज पौंड, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपास. करार चांगलेच आहेत, पण व्यापारात अंतर आणि शेजार यांना फार किंमत असते, आणि ब्रिटनच्या निर्यातीतला ४० टक्क्यांहून अधिक वाटा आजही युरोपीय संघाचा आहे.

प्रश्न : इतर कोणत्या देशांनी असा गट सोडला आहे?

ग्रीनलंडने १९८२ च्या सार्वमतानंतर १ फेब्रुवारी १९८५ ला युरोपीय समुदाय सोडला. तिथे मुद्दा मासेमारीचा होता. त्याने युरोपीय बोटींना मासेमारीचे हक्क विकले आणि बदल्यात आपल्या माशांना शुल्कमुक्त बाजार मिळवला. माली, बुर्किना फासो आणि नायजर २९ जानेवारी २०२५ रोजी इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक गटातून बाहेर पडले. पण तिघेही सीएफए फ्रँक वापरणाऱ्या आठ देशांच्या लहान संघात राहिले, त्यामुळे आयव्हरी कोस्ट किंवा सेनेगलच्या बंदरांशी असलेला त्यांचा शुल्कमुक्त व्यवहार टिकला. त्या संघाबाहेरच्या घाना आणि नायजेरियाशी मात्र नव्याने जुळवून घेणं आलं.

प्रश्न : ब्रिटन परत जाऊ शकतो का?

कलम ४९ प्रमाणे अर्ज करता येतो, पण सगळ्या सदस्यांची संमती लागते आणि जुन्या सवलती परत मिळतीलच असं नाही. सध्याची वाट तुकड्यातुकड्यांची आहे. १९ मे २०२५ च्या लंडन शिखर बैठकीत अन्न आणि वनस्पतींच्या तपासण्या कमी करणारा करार करण्याचं ठरलं. तो झाला तर वर सांगितलेली बरीचशी आरोग्य प्रमाणपत्रं गळून पडतील. बदल्यात ब्रिटनला त्या क्षेत्रातले युरोपीय नियम पुढेही, बदलतील तसे, पाळावे लागतील आणि वादाचा युरोपीय कायद्यापुरता भाग युरोपीय न्यायालयाकडे जाईल. त्याच बैठकीत युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यातला प्रवेश ३० जून २०३८ पर्यंत मिळाला. फक्त सीमाशुल्क संघात परतायचं म्हटलं तर मूळस्थानाचे कागद जातील, पण मग भारत किंवा ऑस्ट्रेलियाशी स्वतंत्रपणे ठरवलेली शुल्कं ब्रिटनला ठेवता येणार नाहीत.