सी भरला, डी रिकामा: घाई करू नकोस

कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह भरला म्हणून तो वाढवायला डी ड्राइव्हमधले ५० जीबी ‘श्रिंक’ (आकार कमी) करून मोकळे केलेस, तरी सी वर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ (आकार वाढवा) हा पर्याय फिकटच दिसतोय, बरोबर? यात तुझं काही चुकलेलं नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटला (डिस्कचे भाग पाडणाऱ्या प्रोग्रामला) मोकळी जागा सी च्या अगदी उजव्या हाताला, लागून हवी असते. श्रिंक केल्यावर जागा सुटते ती डी च्या शेपटीला. मध्ये डी आडवा पडलेला, मग सी वाढणार कुठे?

सरळ मार्ग असा: डी मधलं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी कर. दोन-चार फायली उघडूनही बघ, नुसत्या कॉपीवर विश्वास नको. मग डी डिलीट कर, सी हवा तेवढा वाढव आणि उरलेल्या जागेत नवा डी बनव. काही प्रोग्राम डी वर टाकले असतील तर ते पुन्हा टाकावे लागतील. सी आणि डी च्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग) असेल तर मात्र थांब आणि आधी मला स्क्रीनशॉट दाखव. सुरुवातीचं ते छोटंसं, १०० एमबीच्या आसपासचं, मशीन सुरू करणाऱ्या फायलींचं ईएफआय पार्टिशन ‘फुकटची जागा’ समजून उडवू नकोस. मशीन सुरूच होणार नाही. (मी उडवलं होतं. रविवार गेला.)

खरं सांगू? बऱ्याचदा हा खटाटोप लागतही नाही. डाउनलोड्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ टॅब आहे, तिथून तो डी वर हलव. आधी एवढं करून बघ.