‘मॅडम, ही गोळी आता आयुष्यभर का?’

टेन्शनची किंवा झोपेची म्हणून एक बारीकशी गोळी पंधरा दिवसांसाठी सुरू होते आणि पाच-सात वर्षं चालूच राहते. अशी माणसं समुपदेशनाला येतात तेव्हा त्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. मला व्यसन लागलंय का? ही आता आयुष्यभर घ्यावी लागणार का? एकदा सोडून बघितली तर जीव जायची वेळ आली, मग आता करू काय? हे तिन्ही प्रश्न घेऊन आलेल्या एका शिक्षिकेची हकिगत इथे सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. सगळं गाव त्यांना ‘बाई’ म्हणतं, मीही तेच म्हणते. वय बावन्न. सहा वर्षांपूर्वी यजमानांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. ते सुखरूप घरी आले आणि बाईंची झोप उडाली. रात्र रात्र त्या यजमानांचा श्वास चालू आहे ना, हे बघत बसायच्या. फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ‘पॉइंट टू फाइव्ह’, म्हणजे पाव मिलिग्रॅमची, लिहून दिली, रात्री एक, पंधरा दिवस. गोळीने झोप लागली. पंधरा दिवसांनी थांबवायची, हे मात्र कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. मेडिकलमध्ये जुन्या चिठ्ठीवर स्ट्रिप मिळत राहिली. वर्षभरात रात्रीची गोळी ‘पॉइंट फाइव्ह’ची झाली. मग शाळेत जायच्या आधी एक लहान, पुढे मधल्या सुट्टीत आणखी एक. दिवसाला एक मिलिग्रॅम.

अल्प्राझोलाम आपल्याकडे शेड्यूल एच-वन या यादीत आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमाप्रमाणे दुकानदाराने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच ही औषधं द्यायची, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. हा नियम नीट पाळला गेला असता तर बाई दुसऱ्याच महिन्यात पुन्हा डॉक्टरांसमोर बसल्या असत्या. म्हणून ओळखीच्या मेडिकलमधून ‘आपल्या माणसाला’ विनाचिठ्ठी मिळणारी स्ट्रिप मला मेहेरबानी वाटत नाही.

मुलाने एकदा गोळीचं नाव मोबाइलवर शोधलं आणि घरात बॉम्ब पडल्यासारखं झालं. ‘आई, तू नशेच्या गोळ्या खातेस?’ हा प्रश्न बाईंच्या जिव्हारी लागला. आषाढी एकादशीला विठ्ठलाला साकडं घालून त्यांनी सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या. पहिली रात्र कशीबशी गेली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम फुटला. तिसऱ्या दिवशी भांड्याचा आवाज सहन होईना, ट्यूबलाइट डोळ्यांत खुपायला लागली, पोटऱ्यांत मुंग्या, छातीत धडधड. दवाखान्यात नेलं, ईसीजी व्यवस्थित निघाला. घरी येऊन त्यांनी एक गोळी घेतली आणि तासाभरात सगळं शांत झालं. त्यातून बाईंनी निष्कर्ष काढला, ‘माझा आजार आत तसाच आहे. गोळीवरच मी जिवंत आहे.’

हा निष्कर्ष चुकीचा होता, आणि माणसं वर्षानुवर्षं अडकतात ती याच निष्कर्षात. मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींची धावपळ आवरतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम ही सगळी एकाच कुळातली, बेन्झोडायझेपिन कुळातली औषधं. ती गाबाचा परिणाम वाढवतात. काही आठवडे रोज ही मदत मिळाली की मेंदू स्वतःची जुळवणी बदलतो, गाबाला द्यायचा प्रतिसाद कमी करतो. मग गोळी एकदम काढली की आवरणारं कुणी उरत नाही. बाईंना झालेला त्रास हा त्या बदललेल्या जुळवणीचा होता. मी त्यांना विचारलं, यजमानांच्या आजारपणात तुम्हाला झोप लागत नव्हती, तेव्हा उजेड खुपत होता का? भांड्यांचा आवाज असह्य होत होता का? पायांत मुंग्या येत होत्या? त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘नाही हो. तेव्हा नुसती भीती होती.’ पूर्वी कधीच नसलेली लक्षणं, तीही गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत. असं असेल तर आधी औषध तुटल्याचा त्रास म्हणून बघायचं.

अल्प्राझोलाममध्ये आणखी एक खोच आहे. रक्तातलं तिचं प्रमाण साधारण अकरा-बारा तासांत निम्म्यावर येतं. म्हणून डोस चुकला नसतानाही, पुढची गोळी जवळ आली की बेचैनी सुरू होते. बाईंना रोज मधल्या सुट्टीच्या आधी कासावीस व्हायचं ते यामुळे, आणि त्या मात्र स्वतःला ‘घाबरट’ म्हणत होत्या.

व्यसनाच्या प्रश्नावर मी त्यांना स्पष्ट सांगितलं. नशेसाठी गोळी वाढवत नेणं, त्यासाठी खोटं बोलणं, नुकसान दिसत असूनही ओढ न आवरणं, यातलं काहीही तुमच्याकडे नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध ठरल्यापेक्षा जास्त काळ चाललं आणि शरीराला त्याची सवय झाली, एवढंच घडलंय. हे मी त्यांच्या मुलालाही समोर बसवून सांगितलं, कारण लाजेपोटी केलेला एकादशीचा तो प्रयोग त्यांच्या जिवावर बेतू शकला असता. ही औषधं बरेच दिवस घेऊन अचानक बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. मनोबल कितीही असो, फिट थांबवता येत नाही.

समुपदेशक म्हणून मी औषध लिहू शकत नाही आणि डोसही ठरवू शकत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञांचं. बाईंच्या संमतीने आम्ही दोघं एकमेकांशी बोलत राहिलो. पहिला महिना काहीच कमी केलं नाही. गोळीच्या वेळा पक्क्या केल्या, कारण कधी दोन तर कधी चार अशा घेतल्या तर त्रास कशाने होतो तेच कळत नाही. मग डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने अल्प्राझोलामच्या जागी डायझेपाम आणलं. ते शरीरात जास्त काळ टिकतं, त्यामुळे दिवसभरातले चढउतार कमी होतात आणि लहान ताकदीच्या गोळ्या असल्याने बारीक पायऱ्या करता येतात. सगळ्यांनाच असा बदल करतात असं नाही. वय जास्त असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर डॉक्टर वेगळा मार्ग धरतात.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला डॉ. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं याच त्रासाच्या रुग्णांसाठी क्लिनिक चालवलं. सावकाश, आणि रुग्णाला झेपेल त्या वेगाने कमी करा, हा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी २०२५ मध्ये एकत्रित मार्गदर्शन दिलं, त्याचा सूरही हाच आहे: सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कमी करण्याचा विचार करावा, आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त तर कमी करूच नये. हे आकडे डॉक्टरांशी बोलण्यासाठी सांगतेय, घरी गोळ्या मोडत बसण्यासाठी नाही.

बाईंना सव्वा वर्ष लागलं. मुलीच्या लग्नाच्या दोन महिन्यांत पायरी तिथेच ठेवली. इलेक्शन ड्यूटी लागली तेव्हाही थांबलो. थांबणं आणि मागे जाणं यांत फरक आहे, हे त्यांना पटायला वेळ लागला. शाळेत निकाल लावायच्या सवयीने त्या प्रत्येक महिन्याला स्वतःला पास-नापास करायच्या. वाईट दिवस यायचे, चार-पाच दिवस राहायचे आणि आपोआप ओसरायचे. आम्ही वहीत एका बाजूला डोस आणि दुसऱ्या बाजूला लक्षणं लिहीत गेलो. आठ महिन्यांनी तीच वही उघडून त्या स्वतः म्हणाल्या, ‘प्रत्येक वेळी मला वाटलंय की हे आता थांबणार नाही, आणि प्रत्येक वेळी थांबलंय.’

शेवटचा टप्पा सगळ्यांत चिवट असतो. ‘आता राहिलंय काय, टाका सोडून’ असं घरचे म्हणतात आणि तिथेच घात होतो. दहातले एक मिलिग्रॅम कमी करणं म्हणजे दहा टक्के, पण दोनातलं एक कमी करणं म्हणजे अर्धं. म्हणून शेवटच्या पायऱ्या आणखी लहान आणि आणखी लांब ठेवाव्या लागतात. बाईंचा शेवटचा अर्धा तुकडा सुटायला जवळजवळ तीन महिने गेले.

मधल्या काळात डॉक्टरांनी चिंतेसाठी एसएसआरआय गटातलं औषधही सुरू केलं होतं. ‘एक सोडवायला दुसरी?’ म्हणून यजमान चिडले. तेही रास्त होतं. या औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, ते घेतल्या घेतल्या गुंगी आणि आराम देत नाही, त्यामुळे डोस वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. पण तेही अचानक बंद करायचं नसतं, हे मी त्यांना लपवून ठेवलं नाही.

माझ्या वाट्याचं काम होतं ते मूळ भीतीचं, गोळीने सहा वर्षं झाकून ठेवलेल्या त्या रात्रींचं. यजमानांचा श्वास रात्री किती वेळा तपासायचा, हे आम्ही ठरवून कमी करत गेलो. दहावरून पाच, पाचवरून दोन. न तपासता अंथरुणावर पडून राहायचं, भीती चढू द्यायची आणि ती उतरेपर्यंत थांबायचं. हे बोलायला सोपं आहे. बाई पहिल्या आठवड्यात रडल्या होत्या. झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की केली, साडेपाच म्हणजे साडेपाच, रात्र कशीही जावो. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहता उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. दुपारी चारनंतर चहा बंद. हा शेवटचा नियम त्यांना गोळी सोडण्यापेक्षा कठीण गेला, असं त्या अजूनही सांगतात.

मुलाची चूक सुधारली ती त्याने स्वतःच. दर रविवारी तो आईबरोबर आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायचा. पहारा नाही, मोजदाद नाही. ‘आज कसं वाटतंय?’ एवढंच विचारायचं, असं आमचं ठरलं होतं.

आज बाई बेन्झोडायझेपिन घेत नाहीत. चिंतेची दुसरी गोळी चालू आहे. कधी एखादी रात्र वाईट जाते. ती त्या वाईट रात्र म्हणूनच काढतात.

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये वयस्कर लोकांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांना त्यांचे धोके आणि हळूहळू कमी करण्याची पद्धत समजावणारं एक पत्रक दिलं गेलं. सहा महिन्यांनी पत्रक मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांची गोळी सुटली होती, न मिळालेल्यांपैकी फक्त ५ टक्के लोकांची. म्हणून हे सगळं इतकं तपशिलात लिहिलं.

तुम्ही किंवा घरातलं कुणी अशी गोळी घेत असेल तर आज ती बंद करू नका. आहे तशी, त्याच वेळेला चालू ठेवा आणि मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा. कुठे जावं कळत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. जाताना रिकाम्या स्ट्रिपसकट सगळी औषधं आणि जुन्या चिठ्ठ्या न्या. दिवसाला खरोखर किती गोळ्या घेता ते सांगा, चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच सांगू नका. पूर्वी कधी फिट आली असेल, दारू घेत असाल, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर हे आधी सांगा. कमी करण्याचा वेग त्यावर ठरतो, आणि काही जणांना त्यासाठी थोडे दिवस रुग्णालयात राहावं लागतं.