गाईने गाभ टाकला आणि वडिलांचा ताप जात नाही. दोन्हींचा संबंध असू शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातव्या महिन्यात गाईने गाभ टाकला, वार अडकली, ती वडिलांनी हाताने काढली. आता तीन आठवडे झाले, त्यांना संध्याकाळी ताप भरतो आणि सकाळी उतरतो. टायफॉइडचं औषध झालं, फरक नाही. हा जनावराकडून आलेला आजार असू शकतो का, आणि त्याची लक्षणं कोणती?

हो, असू शकतो. मी जनावरांचा डॉक्टर आहे, त्यामुळे वडिलांवर इलाज मी सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलंय ते सगळं ब्रुसेलोसिसकडे, म्हणजे ब्रुसेला नावाच्या जंतूमुळे जनावरांना आणि त्यांच्याकडून माणसाला होणाऱ्या आजाराकडे, बोट दाखवतं. म्हणून उद्याच त्यांना फिजिशियनकडे न्या आणि बसल्याबसल्या पहिलं वाक्य हे सांगा: ‘गाईने गाभ टाकला होता, वार वडिलांनी उघड्या हाताने काढली.’ हे विचारलं जाईलच असं धरून चालू नका. गोठ्यातली ही गोष्ट सांगितलीच नाही, तर ताप, रात्रीचा घाम आणि उतरलेलं वजन पाहून आधी टायफॉइड, मलेरिया किंवा टीबीचाच विचार होतो.

आधी गाईचं सांगतो, कारण गोंधळ तिथेच होतो. या आजाराची गाय आजारी दिसत नाही. ताप नाही, चारा नीट खाते, रवंथ करते. ती गाभण राहते आणि पाचव्या महिन्यानंतर, बहुतेक वेळा सातव्या-आठव्या महिन्यात, गाभ टाकते. वार वेळेवर पडत नाही. अशी वार मी हातात घेऊन पाहिली आहे: एरवी पातळ असणारा पडदा जाड, चामड्यासारखा झालेला असतो आणि गाठींवर पिवळट-तपकिरी चिकट थर असतो. जनावराच्या गर्भाशयात आणि वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर असते, ती या जंतूला फार मानवते. म्हणून तो तिथेच बेसुमार वाढतो, आणि म्हणूनच ती वार, गर्भाचं पाणी आणि नंतरचा स्राव यांच्याइतकं धोकादायक गोठ्यात दुसरं काही नसतं. हाताला साधी चीर असली तरी जंतूला तेवढी वाट पुरते. डोळ्यात उडालेला थेंब किंवा श्वासातून गेलेले बारीक तुषारही पुरतात.

पुढच्या वेताला हीच गाय बऱ्याचदा पूर्ण दिवस भरून व्यायते, आणि मालकाला वाटतं, संपलं. पण दुधातून आणि व्यायल्यानंतरच्या स्रावातून ती जंतू टाकत राहते. वळूच्या वृषणाला सूज येते, काही जनावरांच्या गुडघ्यावर पाण्याची गाठ येते, गाई वारंवार उलटतात, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत. शेळ्या-मेंढ्यांतही गर्भ पडतात, आणि त्यांच्यातला ब्रुसेला मेलिटेन्सिस माणसाला सर्वांत जास्त त्रास देतो. ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टा बेटावर, तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा केला. तो येतो कुठून हे मात्र 1905 मध्ये माल्टाचे डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांनी शेळ्या तपासल्या तेव्हा कळलं. दिसायला त्या शेळ्या ठणठणीत होत्या.

माणसात लक्षणं साधारण दोन ते चार आठवड्यांत दिसतात, काहींना महिनेही लागतात. ताप येतो-जातो, कधी काही दिवस अजिबात नसतो आणि पुन्हा उसळतो. घाम असा येतो की रात्रीतून कपडे बदलावे लागतात. सांधे दुखतात, त्यातही कंबर आणि कंबरेखालचा सांधा, इतका की काही जण मणक्याचा आजार समजून फिरत राहतात. भूक जाते, वजन उतरतं, थकवा असा की उठून बसणंही नको वाटतं. मन खचतं, झोप लागत नाही. हेही आजाराचंच लक्षण आहे, ‘उगाच मनाला लावून घेताय’ असं वडिलांना कृपा करून म्हणू नका. पुरुषांत कधी एका वृषणाला सूज आणि दुखणं येतं. लाजेने ते सांगितलं जात नाही, तर तुम्ही विचारा. मृत्यू क्वचित होतो, पण जे होतात ते मुख्यतः हृदयाच्या झडपांना संसर्ग झाल्यामुळे. म्हणून दम लागत असेल तर थांबू नका.

टायफॉइडसाठी करतात त्या विडाल तपासणीत हा आजार सापडत नाही. ब्रुसेलाची वेगळी रक्ततपासणी असते, आणि शक्य असेल तर औषध सुरू करण्याआधी ब्लड कल्चरही (रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं) घेतात. लॅबला ब्रुसेलाचा संशय आधी कळवायला डॉक्टरांना जरूर सांगा, कारण हा जंतू हाताळताना लॅबमधल्या माणसांनाही लागण होते. निदान झालं तर सहसा दोन अँटिबायोटिक एकत्र, किमान सहा आठवडे चालतात. पहिल्या काही दिवसांतच ताप उतरतो आणि लोक गोळ्या सोडतात. तसं अजिबात होऊ देऊ नका. जंतू आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आत लपून राहतो आणि अर्धवट उपचारानंतर आजार उलटतो.

आता गोठ्याचं. त्या गाईचं रक्त तपासून घ्या. गाभ टाकायला इतर कारणंही असतात, लेप्टोस्पायरोसिस त्यातलंच एक, आणि तोही माणसाला होतो. रिपोर्ट येईपर्यंत गाय वेगळी बांधा. दूध विकू नका आणि घरात चांगली उकळी आल्याशिवाय कुणी पिऊ नका. उकळीने जंतू मरतो, निरशा दुधात आणि त्याच्या ताज्या चीजमध्ये तो टिकून राहतो. पुन्हा गाभ पडला तर गर्भ आणि वार हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. ती जागा ब्लीचिंग पावडरने धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर तिने त्या गाईजवळ जाऊ नये. गाईवर औषधोपचाराचा भरवसा नाही, तिचं पुढे काय करायचं हे रिपोर्टनंतर तुमच्या पशुवैद्यकाशी बोलून ठरवा. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच लस देता येते, गोऱ्ह्यांना ती देत नाहीत. लस टोचताना सुई स्वतःला लागली तर तिनेही माणसाला आजार होऊ शकतो, म्हणून ते काम पशुवैद्यकानेच करावं.

वार काढताना वडिलांच्या मदतीला आणखी कोण होतं, निरसं दूध कोण प्यायलं, हेही आठवा. त्यांना आज काही होत नसेल, पण पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर त्यांनीही डॉक्टरांना या गाईबद्दल सांगून हीच तपासणी करून घ्यावी.