घूं थांबवायला बहात्तर हजार?

नाशिकचे एक वाचक लिहितात: वय ४९, हातात पगार ८८ हजार, हप्त्यासकट घरखर्च ६५ हजार, अडीअडचणीला ठेवलेले १ लाख ३० हजार. मुलगी बारावीत आहे. वडिलांच्या एलपी (जुन्या तबकड्या) ऐकायला टर्नटेबल, अॅम्प्लिफायर, स्पीकर असा दीड लाखाचा सेट जमवला. एलपी लावली की मागे बारीक घूं येते. दुकानदार म्हणतो, वायफाय आणि एलईडी दिव्यांमुळे आवाज मळतो. त्यावर त्याचा उपाय असा: दोन शिल्डेड (आडोसा असलेल्या) पॉवर केबल २९ हजार, वीज ‘शुद्ध’ करणारा पॉवर कंडिशनर ३८ हजार, अॅम्प्लिफायरच्या मागच्या रिकाम्या सॉकेटवरच्या टोप्या आणि जाळीच्या पट्ट्या ५ हजार. एकूण ७२ हजार, १२ महिने ‘नो कॉस्ट ईएमआय’. घ्यावं का?

सध्या नको. छंदावर खर्च करू नका असं मी म्हणणार नाही, मलाही एलपींचं वेड आहे. पण तुमच्या पत्रात एक ओळ महत्त्वाची आहे: सीडी लावली की घूं येत नाही. वायफायनं सगळाच आवाज मळत असता तर सीडीला सूट का मिळाली असती?

सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्टचा सिग्नल निघतो. टर्नटेबलच्या नेहमीच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, निघतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, म्हणजे चारशेपट कमी. हा इवलासा सिग्नल फुगवताना त्याच्यासोबत जे काही घुसलं असेल तेही फुगतं. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून घूं ५० किंवा १०० हर्ट्झची असते. (काळी एकच्या तानपुऱ्यात मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास येतो. त्याच्याखाली १०० हर्ट्झची घूं म्हणजे उतरलेला पंचम. तुम्हाला ती इतकी खुपते यात नवल नाही.)

तेव्हा आडोशाची खरी गरज टर्नटेबल ते अॅम्प्लिफायर या मीटरभर वायरीला आहे, आणि बऱ्या वायरीला तो असतोच. पॉवर केबलचं म्हणाल तर भिंतीतून येणारी वीज साध्याच तारेतून येते, शेवटच्या दीड मीटरला सोन्याचा मुलामा देऊन ती शुद्ध होत नाही. रिकाम्या सॉकेटचा आवाज अॅम्प्लिफायरचा सिलेक्टर (काय ऐकायचं ते निवडायचं बटण) आधीच तोडतो. पातळ जाळी ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. ते अडवतं अंतर.

माझ्याकडे हीच घूं चार महिने होती. टर्नटेबलमधून एक बारीक वायर निघते, टोकाला इंग्रजी यू अक्षरासारखी चिमटी. ती अॅम्प्लिफायरच्या मागे ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूखाली आवळायची असते. झाडलोट करताना ती निसटली होती. आवळली, घूं गेली. खर्च शून्य, आणि बायकोचं हसणं वेगळं.

तुम्ही आधी तेच पाहा. मग टर्नटेबल अॅम्प्लिफायरपासून दोन फूट लांब सरकवा, कारण अॅम्प्लिफायरच्या आतला ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजला त्रास देतो. अॅम्प्लिफायरला टीव्ही जोडला असेल तर टीव्हीची केबलवाल्याची वायर काढून ऐका. तरीही राहिली तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. सगळं मिळून हजारात भागावं. घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका असं कोणी सुचवेल. ते अजिबात करू नका, शॉक बसून जीव जाऊ शकतो.

आता हप्त्याबद्दल. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज सवलतीच्या नावाखाली आत लपलेलं असतं. १५ टक्के दर धरला तर ते साधारण साडेपाच हजार, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजारभर रुपये, बँक तुमच्याकडून घेते. प्रोसेसिंग फी निराळी. रोखीनं घासाघीस केली असती तर कमी झाले असते ते वेगळेच.

तुमची गंगाजळी दोन महिन्यांची आहे. जूनमध्ये मुलीची फी उभी राहील. महिन्याला उरणाऱ्या २३ हजारांतून ६ हजार वर्षभर बांधून घेण्याची ही वेळ नव्हे. ते ६ हजार रिकरिंगमध्ये टाका, फी भरून झाली की पुन्हा बोलू.

तरी कंडिशनरचा मोह सुटत नसेल तर दुकानदाराला म्हणा, आठ दिवस घरी द्या, डिपॉझिट ठेवतो. मुलीला दहा वेळा नाणं उडवायला सांगा: छापा आला की जोडायचा, काटा आला की काढायचा. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा आणि जोडलाय की नाही ते सांगा. नऊदा बरोबर आलात तर मला पुन्हा लिहा. दुकानदार आठ दिवस द्यायलाच तयार नसेल तर लिहायचीही गरज नाही.