नेल्सन विसाव्या वर्षी कॅप्टन कसा झाला?

प्रश्न : प्रख्यात ब्रिटिश नौसेनानी नेल्सन अवघ्या विसाव्या वर्षी कॅप्टन झाला, असं वाचलं. ब्रिटिश नौदलात तेव्हा परीक्षा नसत का? की सगळा वशिल्याचा कारभार?

उत्तर : दोन्ही होतं. लेफ्टनंट व्हायला १६७७पासून तोंडी परीक्षा सक्तीची होती. समुद्रावर सहा वर्षं काढलेली हवीत, त्यातली किमान दोन नौदलात मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी) किंवा मास्टर्स मेट (जहाज हाकणाऱ्या मास्टरचा मदतनीस) म्हणून. स्वतः ठेवलेल्या रोजनिश्या आणि कप्तानांची प्रमाणपत्रं घेऊन मुलगा तीन कप्तानांसमोर उभा राही. दोर सांधणं, शीड आखडणं, भरती-ओहोटीचा हिशेब, सूर्य-ताऱ्यांचे वेध, होकायंत्रातला फरक काढणं, सगळं विचारत.

खरा घाम फुटे तो असल्या प्रश्नाला : वारा जहाजाला किनाऱ्यावर लोटतोय, वळवताना नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वाऱ्याच्या पलीकडे जात नाही, वाऱ्याकडे पाठ करून उलट बाजूनं वळायला जागा नाही. काय कराल? उत्तर : वेग मरतोय तोच वाऱ्याखालचा नांगर सोडायचा. तो धरला की नाळ वाऱ्यात खेचली जाते. ती पलीकडे गेली की शिडं फिरवायची आणि नांगराचा दोर कुऱ्हाडीनं तोडायचा. घाई केली तर नाळ परत मागे पडते, उशीर केला तर जहाज अडकून राहतं. नांगर गेला तरी चालेल, जहाज वाचलं पाहिजे.

नेल्सन ९ एप्रिल १७७७ रोजी उत्तीर्ण झाला. नियमानं वय वीस हवं होतं, तो अठराचा होता. वय वाढवून सांगणं तेव्हा सर्रास चाले. परीक्षकांत त्याचे मामा मॉरिस सकलिंग होते, नौदलाचे कंट्रोलर, म्हणजे जहाजांचा कारभार पाहणारे बडे अधिकारी. पण अनुभव खोटा नव्हता. बाराव्या वर्षापासून तो जहाजावर होता. ‘सीहॉर्स’वरून मुंबईपर्यंत येऊन गेला होता.

वशिल्याची खरी किंमत कळे ती पुढे. नुसतं उत्तीर्ण होऊन कुणी लेफ्टनंट होत नसे, एखाद्या जहाजावर नेमणूक लागे. ती न मिळाल्यानं कित्येक जण मिडशिपमनच राहिले. नेल्सनला दुसऱ्याच दिवशी ‘लोवेस्टॉफ’ जहाजावर नेमणूक मिळाली, आणि जून १७७९मध्ये तो पोस्ट-कॅप्टन, म्हणजे पूर्ण दर्जाचा कॅप्टन झाला. ही पायरी सर्वांत मोलाची. तिथून वर बढती केवळ ज्येष्ठतेनं होई. वरचे मेले किंवा बढती घेऊन गेले की नाव सरके. म्हणून ती जितक्या लहान वयात गाठावी तितकं बरं. जहाज नसेल तर अर्धा पगार, पण यादीतली जागा शाबूत. नेल्सन १७८७च्या अखेरीपासून पाच वर्षं तसाच घरी बसून होता, तरी १७९७मध्ये रिअर अ‍ॅडमिरल (अ‍ॅडमिरलपदाची पहिली पायरी) झालाच.