राणीछाप चिंचेनं घासू नका

प्रश्न : काका, सासूबाईंच्या देवघरातल्या डबीत एक राणीछाप रुपया, दोन भोकाचे पैसे आणि काळी पडलेली तांब्याची जाड नाणी मिळाली. मुलगा म्हणतो, आपण संग्रह करूया. आधी चिंचेनं उजळून घेऊ का? अशा नाण्यांना लाखात भाव येतो असं मोबाइलवर दिसतं, ते खरं का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, चिंच आमटीला ठेवा. घासलेलं नाणं चकाकतं, पण त्यावरची अक्षरं झिजतात आणि जाणता गिऱ्हाईक ते बघताक्षणी बाजूला सारतो. काळपटपणा हेच त्याचं वय. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढा, मऊ कापडानं टिपा, बस्स. धरताना कडेनं धरायचं.

राणीछाप रुपयाच्या व्हिक्टोरिया राणीच्या बाजूची अक्षरं वाचा. ‘क्वीन’ असेल तर 1876 पर्यंतचा, ‘एम्प्रेस’ असेल तर 1877 पासूनचा. वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम भरायला हवं. सराफाकडं काट्यावर घालून बघा, पण विकायला काढू नका, तो चांदीचाच भाव देणार. भोकाचे पैसे 1943 ते 1947 मधले. ते घरोघरी सापडतात, किंमत फार नाही. तांब्याच्या नाण्यांवर ‘श्री राजा शिव’ आणि उलट्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं लागतात का, तेवढं नीट बघा. लागली तर ती शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं.

मुलाला मात्र डबीतून नको, चिल्लरीतून सुरुवात करू दे. मी जन्मभर एसटीत कंडक्टर होतो. माझा सगळा नाद तिकिटाच्या चिल्लरीतून वाढला. सालाच्या खाली बघायचं : मुंबईच्या टांकसाळीची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूण नसतेच. एकाच सालाचा रुपया चारही टांकसाळींचा जमवायला सांगा, पोरगं महिनाभर बाजाराला स्वतःहून जाईल. आणि चोर्ला घाटापलीकडं गोव्यात पाव्हणे असतील तर त्यांच्या ट्रंकेत पोर्तुगीज नाणी हमखास असतात, मागून बघा.

आपल्याकडं पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर भिंतीलाही बुरशी. साध्या प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी हिरवी, चिकट होतात. पुठ्ठ्याचे होल्डर घ्या.

लाखाच्या भावाचं म्हणाल, तर “आधी नोंदणीचे पैसे भरा” म्हणणारा फोन आला की ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच अशा फसवणुकीबद्दल सावध केलंय. तांब्याच्या नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, उजेडात काढलेले.